दुसऱ्या गिटारची जागा

३ मार्च

आत्यास,

नमस्कार. पत्राला उशीर झाला म्हणून तू जे काही बोलणार आहेस, ते मी आधीच ऐकून घेतलं असं समज.

सोबत सीडी आहे. आठ गाणी. तुझ्या नियमाप्रमाणे पाकिटावर काहीही लिहिलेलं नाही. गाण्यांची नावं वेगळ्या कागदावर घडी घालून ठेवली आहेत. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावरच उघड. सगळं रेकॉर्डिंग सुताराच्या कारखान्यात केलं. आमचा बेस वाजवणारा तो सुतार, तुला आठवत असेल. रविवारी त्याची करवत बंद असते. मग सागाच्या फळ्या भिंतींना टेकवायच्या, मधे ड्रम मांडायचे आणि त्यांच्यामागे दाताच्या डॉक्टरला बसवायचं. तो म्हणतो, आठवडाभर लोकांच्या तोंडात इतकं हळुवार वागावं लागतं की रविवारी काहीतरी बडवलं नाही तर मी कोणाचा तरी चांगला दात उपटीन. यंत्रांची सगळी बाजू घुम्याने सांभाळली. माइक कुठे ठेवायचा, कुठली वायर कुठे जाते, हे त्या एकट्याला कळतं आणि तो कोणाला सांगत नाही. तू त्याला एकदाच भेटलीस, त्याने तुझ्या सगळ्या प्रश्नांना मिळून एक 'हं' दिला आणि तू त्याला घुम्या म्हटलंस. आता त्याची आईही त्याला घुम्या म्हणते.

आवाजात घुमारा नाही, चकाकी नाही. जे वाजलं तेच ठेवलं आहे.

आत्या, ह्या वेळी तुझं मत नुसतं मत नाही. एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचा मालक हा अल्बम काढायला तयार आहे, पण त्याची एक अट आहे आणि तिच्यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत. अट कोणती, ते मी मुद्दाम लिहीत नाही. तुला काही ठाऊक नसताना तुझ्या कानाला जे जाणवेल ते प्रमाण मानायचं, असं सगळ्यांनी कबूल केलं आहे. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. तुझं पत्र नेहमीप्रमाणे सरावाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाईल.

आतोबांना नमस्कार सांग.

तुझी,
टिटवी


१४ मार्च

चि. टिटवीस,

आशीर्वाद मागाहून, आधी काम.

पत्र मोठ्याने वाचलं जाणार आहे, म्हणून तुझ्या मित्रांसाठी माझी रीत पुन्हा सांगते. मी गाणं ऐकत नाही, अल्बम ऐकते: पहिल्यापासून शेवटपर्यंत, वादकांनी ठरवलेल्या क्रमाने, खुर्चीत ताठ बसून, हातात काहीही न घेता. भाजी चिरताना ऐकलं जातं ते संगीत नव्हे, ती सोबत. पुढचं गाणं कोणतं हे यंत्राला ठरवू देणारा माणूस श्रोता नव्हे, गिऱ्हाईक. हेडफोन वायरचा; कोणती बाजू कोणत्या कानाची, हे प्रत्येक वेळी अक्षर वाचून तपासते, कारण वादकांनी ज्याला जिथे उभं केलं आहे तिथून त्याला हलवण्याचा अधिकार मला नाही. तिसऱ्या वेळेआधी मत बनवत नाही. आणि मत फोनवर देत नाही. बोलताना माणूस नकळत मवाळ होतो.

इंडी रॉकबद्दलचा माझा जुना रागही ऐकून ठेवा. कंपनीच्या तावडीतून सुटलो म्हणजे सुरातूनही सुटलो, असा ह्या मंडळींचा गोड गैरसमज असतो. चार लोक ऐकतात म्हणून एखादा बँड थोर मानणारे, आणि चार लाख ऐकतात म्हणून थोर मानणारे, दोघेही सारखेच आळशी. दोघेही गाण्याकडे न बघता गर्दीकडे बघतात. तुमचा अल्बम ऐकताना मी ही सगळी चीड सोबत घेऊन बसले होते. तिसऱ्या गाण्यापर्यंत ती विसरले. ह्याला तुम्ही स्तुती समजायला हरकत नाही.

आता तपशील. तुझा गळा मधोमध, निर्भय आणि कोरडा. तुझी गिटार प्रथमच स्वतःचं वाक्य स्वतः पुरं करते. सहाव्या गाण्यात 'मन' हा शब्द फार वेळा येतो. मन कमी कर. दाताच्या डॉक्टरांनी सातव्या गाण्यात घाई केली आहे, बाहेर पेशंट खोळंबला असावा तशी.

दुसऱ्या गिटारबद्दल. आठही गाण्यांत मी तिला शोधलं. ती कुठेही नाही. मागे तुम्ही चार गाणी पाठवलीत तेव्हा घुम्याच्या ह्या गिटारला मी लुडबुडी म्हटलं होतं, आता ती तक्रारही उरली नाही. अनुपस्थिती ही तिची आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे. घुम्याचा हात यंत्रांवर चांगला बसलेला दिसतो. तो तिथेच राहावा.

'पाण्याची टाकी' हे अल्बममधलं सर्वांत मोठं गाणं. दुसऱ्या कडव्यानंतर केवळ बेस आणि ड्रम उरतात, आणि इतका वेळ काहीही न घडू देण्याचं धैर्य मी फार थोड्या बँडांत पाहिलं आहे. त्या पोकळीला माझा नमस्कार. फक्त मागे कुठेतरी अगदी पुसट खरवडल्यासारखा आवाज येतो. कारखान्यातला असणार. तेवढा काढून टाका.

इकडे सर्व क्षेम. तुझे आतोबा अलीकडे जेवताना माझ्या उजव्या हाताला बसून पुटपुटत असतात. उतारवयात माणसं शब्दही गिळू लागतात. वर्गात तीच तऱ्हा. खिडकीकडच्या बाकांवरची मुलं उत्तर दिल्यासारखी तोंडं हलवतात. स्पष्ट बोलणं संपत चाललं आहे.

आशीर्वाद, सर्वांना.

आत्या


२१ मार्च

आत्यास,

पत्र वाचलं. ठरल्याप्रमाणे मोठ्याने, सगळ्यांसमोर. डॉक्टरने वाचलं, कारण त्याचा आवाज चांगला आहे.

अनुपस्थितीच्या वाक्याला सुतार खळखळून हसला आणि लगेच त्याने जीभ चावली. डॉक्टर थांबला. घुम्या म्हणाला, "पुढे वाच." टाकीवाल्या परिच्छेदात 'खरवडल्यासारखा' हा शब्द आला तेव्हा तो उठला. वायरी गुंडाळल्या, नेहमीसारख्याच, एकीलाही पीळ न पडू देता. मी म्हटलं, "अरे, आत्याची जीभ तुला माहीत आहे ना?"

"म्हणूनच," तो म्हणाला. "त्यांनी कधी खोटं लिहिलंय?"

आणि गेला.

आता अट सांगायला हरकत नाही. कंपनीवाल्याला आमच्यातले तिघेच हवे आहेत. दुसरी गिटार नको. तीन माणसं एका गाडीत मावतात, पोस्टरवर बरी दिसतात, असं त्याचं म्हणणं. सुतार आणि डॉक्टर 'बघू' म्हणत होते. मी नको म्हणत होते. आता नको म्हणणारं कोणी उरलं नाही. घुम्याच्या जागा पुसून टाकून उरलेलं तसंच छापायचं, असं कंपनीवाला म्हणतो. तो तुझ्यावर खूश आहे. तुझं ते वाक्य जाहिरातीत वापरू का, असं विचारत होता.

एकच विचारते. 'खरवडणं' लिहायलाच हवं होतं का? टाकीचा तो भाग त्याने अख्खा हिवाळा घडवला होता.

टिटवी


२७ मार्च

चि. टिटवीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा ते दुसऱ्याच कोणाच्या पत्राचं उत्तर वाटलं.

घुम्याच्या वादनाला मी नावं ठेवलेली नाहीत. ते 'नाही' असं लिहिलं आहे. 'वाईट आहे' आणि 'नाही' ह्या दोन विधानांतला फरक मी तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवते, आणि जो विद्यार्थी तो विसरतो त्याला मी दुसऱ्या वर्षात पाहत नाही. मला वाटलं, तुम्ही माझं ऐकून ती गिटार काढून टाकलीत. मी तुमचं अभिनंदन करत होते!

तू म्हणतेस, टाकीच्या त्या भागात त्याने हिवाळाभर घडवलेलं काहीतरी आहे. मी आज पुन्हा ऐकलं. तिथे बेस आहे, ड्रम आहेत आणि ती खरवड आहे. म्हणजे तू मला पाठवलेली सीडी सदोष आहे. काम अपुरं असताना पाठवलंस, की घाईत भलतीच प्रत उचललीस, ह्याचा छडा तू लाव. न्याय म्हणजे न्याय, म्हणून माझा हेडफोनही उद्या दुरुस्तीला टाकते. उजव्या बाजूचा मला जरा संशय येऊ लागला आहे.

नवी प्रत पाठव. तोवर कंपनीवाल्याला काहीही कळवू नकोस. आणि जाहिरातीत माझं वाक्य छापलं तर मी त्याला पत्र लिहीन, म्हणावं. माझी पत्रं कशी असतात ते तू त्याला समजावून सांग.

घुम्याची तूर्त समजूत काढू नकोस. अर्धवट माहितीवर केलेलं सांत्वन हे खोटंच असतं.

आत्या


२ एप्रिल

आत्यास,

नवी प्रत सोबत आहे, लगेच मिळावी म्हणून कुरिअरने. जुनीही चांगलीच होती. आम्ही ती सुताराच्या टेम्पोत लावली, माझ्या ऑफिसात लावली, डॉक्टरच्या दवाखान्यात लावली. तिथे खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच हाताने विचारत होता, ही गिटार कोणाची? डॉक्टर म्हणाला, "आ करा, सांगतो."

सगळ्यांना ऐकू येते. तो पूर्ण उजव्या बाजूला आहे, मी पूर्ण डाव्या. गाणं, बेस, ड्रम मधे. दोन गिटारी समोरासमोर भांडतात, एक बोलते तेव्हा दुसरी दम खाते, अख्खा अल्बम त्याच्यावर उभा आहे. कल्पना घुम्याचीच. बहिऱ्यालाही कळेल, इतकं ते उघड आहे. तेव्हा सीडी, प्रत, हेडफोन हे राहू दे. तुला तो पहिल्यापासून आवडत नाही, एवढं सरळ लिही. कॉलेज अर्धवट सोडून लिफ्ट दुरुस्त करतो, तुझ्या प्रश्नांना पूर्ण वाक्यात उत्तर देत नाही, म्हणून.

सोमवारी आमच्या ऑफिसची लिफ्ट अडकली. तोच आला. सहा मजले मी त्याच्याबरोबर जिन्याने चढले. मी एवढं बोलले, एवढं बोलले. तो सहाव्या मजल्यावर 'हं' म्हणाला आणि पाना मागितला.

कंपनीवाल्याने उत्तराची मुदत वाढवून दिली आहे. नऊ तारखेला मी सही करणार. माझं वय आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचं नाही. तिघांचा बँड तर तिघांचा.

टिटवी


५ एप्रिल

टिटवी,

हे पत्र मीही कुरिअरने पाठवते आहे, कारण ते नऊ तारखेच्या आत पोचलं पाहिजे. सही करण्याआधी वाच. मागच्यासारखंच वाच: सगळ्यांसमोर, मोठ्याने. पहिलं पत्र ज्यांनी ऐकलं त्यांतला एकही माणूस ह्या वेळी गैरहजर असता कामा नये.

गुरुवारी हेडफोन आणायला गेले. दुरुस्तीवाला कोणाचा तरी पंखा उघडून बसला होता.

"काय बिघडलं होतं?" मी विचारलं.

"काही नाही, मॅडम."

"उजवी बाजू?"

"वाजते की. दोन्ही वाजतात."

"तुम्ही नीट ऐकलंत का?"

"नीट म्हणजे? दोन्ही कानांना लावून ऐकलं."

हल्ली कारागिरांना काही येत नाही, ह्या विषयावर मी घरापर्यंत मनात एक पूर्ण व्याख्यान रचलं. दारात तुझं पाकीट पडलं होतं. तुझा राग वाचला. 'तो पूर्ण उजव्या बाजूला' हेही वाचलं. नवी सीडी लावली. टाकीच्या त्या भागात पुन्हा तेच: बेस, ड्रम, खरवड.

मग मी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. हेडफोन उलटा घातला.

तुझी गिटार नाहीशी झाली. तुझा गळा होता, सुतार होता, डॉक्टर होता, पण तू वाजवत नव्हतीस. आणि तुझ्या जागी एक गिटार वाजत होती जी मी ह्याआधी ऐकलेली नव्हती. क्षणभर वाटलं, कोणीतरी भलताच अल्बम पाठवला. सुलटा घातला: तू आलीस, ती गेली. उलटा घातला: ती आली, तू गेलीस. यंत्र फिरवलं, पण उणीव फिरली नाही. ती जिथे होती तिथेच राहिली, माझ्या उजव्या बाजूला. म्हणजे ती यंत्रात नव्हती, सीडीतही नव्हती. इतका सोपा निष्कर्ष काढायला मला आयुष्यात इतका वेळ लागलेला नाही.

तुझे आतोबा दारात उभे राहून काहीतरी म्हणाले. मी सवयीने म्हटलं, "पुटपुटू नका." ते माझ्या डाव्या बाजूला आले आणि त्याच आवाजात म्हणाले, "मी म्हटलं, चहा टाकू का? वर्षभर ह्याच आवाजात बोलतोय मी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. त्या बाजूने."

काल कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. उजव्या कानाची नस गेली आहे. हळूहळू गेली, आणि जे गेलं ते परत येणारं नाही. त्यांनी विचारलं, "इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" मी म्हटलं, "मी इतरांच्या उच्चारांवर लक्ष ठेवून होते." त्यांना तो विनोद वाटला.

सर्वांत जास्त काय लागलं ते सांगते. बाजू अक्षर वाचून तपासायची, हा माझा अभिमानाचा नियम. एखाद्या गबाळ्या माणसाने पहिल्याच महिन्यात हेडफोन चुकून उलटा घातला असता आणि त्याला सगळं कळलं असतं. मी एकदाही चुकले नाही, म्हणून मला कळलं नाही.

आता घुम्याबद्दल, हे सावकाश वाचावं. मी काल आणि आज आठही गाणी उलट्या हेडफोनने ऐकली, फक्त त्याच्यासाठी, तीन वेळा. 'पाण्याची टाकी'त तो एकच सूर पुन्हा पुन्हा छेडतो, दर वेळी किंचित उशिरा, काही सांगायला आलेल्या माणसाने उंबऱ्याशी घुटमळावं तसा. सुताराचा बेस त्याला 'आत ये' म्हणत राहतो. तो येतो, बोलू लागतो, आणि तू पुन्हा गायला सुरुवात करतेस त्या क्षणी वाक्य अर्धं टाकून बाजूला होतो. हे अर्धं टाकणं कोणाला शिकवता येत नाही. जिला मी पोकळी म्हणून नमस्कार केला, ती पोकळी माझी होती. त्याने तिथे अल्बममधली सर्वोत्तम गोष्ट ठेवली आहे. आणि जिला मी खरवड म्हटलं, ती माझ्या कवटीच्या हाडातून पलीकडच्या कानापर्यंत पोचलेली तिची सावली होती.

घुम्या, पहिल्या पत्रातलं दुसऱ्या गिटारबद्दलचं प्रत्येक विधान मी मागे घेते. मला 'ती नाही' असं लिहायचा अधिकार नव्हता. 'मला ऐकू येत नाही' एवढंच लिहायला हवं होतं. मागच्या चार गाण्यांच्या वेळची लुडबुड मात्र मागे घेत नाही. तेव्हा माझे दोन्ही कान शाबूत होते आणि तू खरोखरच लुडबुडत होतास.

टिटवी, सही कर किंवा करू नकोस, हे मी सांगणार नाही. माझ्या निकालावर माणसं काढू नका. काढायची तर स्वतःच्या कानांवर काढा आणि स्वतःच्या तोंडाने त्याला सांगा.

कोणी कीव केलेली मला चालणार नाही. फोनही करू नकोस.

आत्या


१२ एप्रिल

आत्यास,

तू नको म्हटलंस म्हणून फोन केला नाही. तीनदा उचलून ठेवला.

घुम्या सरावाला येईना. तूच लिहिलं होतंस, एकही माणूस गैरहजर नको. म्हणून आठ तारखेला आम्ही तिघं तो काम करत होता त्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. लिफ्टची यंत्रखोली. आत चौघं उभे राहिल्यावर पाचव्याला जागा नाही, सगळीकडे ग्रीस. डॉक्टरने घुम्याला मोटर बंद करायला सांगितली. खाली कोणीतरी बटण दाबून दाबून शिव्या देत होतं. डॉक्टरने पत्र वाचलं, पहिल्या ओळीपासून. घुम्या कापडाने एकच बोट पुसत राहिला.

संपल्यावर म्हणाला, "परत वाच."

"सगळं?"

"टाकीपासून."

डॉक्टरने परत वाचलं. लुडबुडीच्या वाक्याला घुम्या हसला. आत्या, मी त्याला इतकी वर्षं ओळखते, हसताना त्याचे सगळे दात दिसतात हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाला, "वरच्या दाढेचं काम करायला हवं."

मग घुम्याने विचारलं, "डावा चांगला आहे ना त्यांचा?"

"आहे," मी म्हटलं. आणि मग जे बोलायचं मी जिना चढताना ठरवलं नव्हतं, ते बोलले. तुलाही लिहिते. तुझं पहिलं पत्र मला सोयीचं होतं. मी 'नको' म्हणत होते ते तोंडाने. आत कुठेतरी मला तो अल्बम इतका हवा होता, की कोणीतरी माझ्या वतीने घुम्याला बाहेर काढलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. तू काढलंस. मी तुझ्यावर चिडले आणि त्याला थांबवायला दारापर्यंतही गेले नाही. तुला जे ऐकू आलं नाही ते मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. मला दोन्ही कान आहेत.

हे सगळं मी त्या ग्रीसमध्ये उभी राहून त्याला सांगितलं. मी म्हटलं, "उद्या कंपनीवाल्याला नाही म्हणून कळवते."

"का?"

"आपण चौघं आहोत म्हणून."

"गाडीत मावणार नाही."

"तू मागे सामानात बस," सुतार म्हणाला. "तसाही कुठे बोलतोस."

"हं," घुम्या म्हणाला, आणि मोटर चालू केली.

कंपनीवाल्याला कळवलं. तो म्हणाला, पस्तावाल. असू दे. अल्बम आम्ही स्वतःच छापणार, थोड्या प्रती, स्वतःच विकणार. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार नाही म्हटलं होतं. तसं पाहिलं तर हे पहिल्याच्याही आधीपासून आहे.

आणि सोबतची सीडी. घुम्याने चार दिवस बसून सगळं नव्याने जुळवलं आहे. दोन्ही गिटारी मधे आणल्या आहेत, गळ्याशेजारी. आता एका कानाने सगळं ऐकू येईल, डावा असो की उजवा. त्याचं म्हणणं, अल्बम असाच छापायचा. "आत्यांनाच ऐकू येणार नसेल तर कशाला?" हे त्याचं ह्या वर्षातलं सर्वांत लांब वाक्य. आम्ही तिघंही कबूल आहोत. तुझा होकार आला की छापायला देतो.

तुझी,
टिटवी


१८ एप्रिल

चि. टिटवीस,

आशीर्वाद. ह्या वेळी आधी.

नवी सीडी तीन वेळा ऐकली. मला सगळं ऐकू आलं आणि काहीही कळलं नाही. समोरासमोर उभ्या राहून भांडणाऱ्या दोन माणसांना तुम्ही एकाच खुर्चीत बसवलं आहे. आता भांडण कुठलं, नुसती रेटारेटी. टाकीत तो घुटमळत नाही, कारण घुटमळायला उंबराच उरलेला नाही. तेव्हा उत्तर: नाही. अल्बम पहिला होता तसाच छापायचा. तो उजवीकडे, तू डावीकडे, दोघांच्या मधलं अंतर एक तसूभरही कमी न करता.

घुम्याला म्हणावं, त्याचं ते लांब वाक्य मी जपून ठेवलं आहे, पण ते चुकीचं आहे. ज्याच्यासाठी करायचं त्याच्या उणिवेच्या मापाने काम बेतलं, की ते त्याच्याही उपयोगाचं राहत नाही. माझ्या माहितीतल्या बहुतेक लोकांना दोन कान आहेत. त्यांच्यासाठी वाजवा. माझं मी पाहीन. प्रत्येक गाणं मी आता दोनदा ऐकते, एकदा सुलटं, एकदा उलटं, आणि दोन्हींची बेरीज डोक्यात करते. ती अजून नीट जमत नाही. तुझी गिटार ऐकताना त्याची आठवावी लागते आणि आठवलेलं ऐकलेल्याच्या किंचित मागे पडतं. रोज सकाळी एक गाणं, असा सराव ठेवला आहे. जमेल. न जमायला काही कारण नाही.

तू यंत्रखोलीत जे बोललीस त्यावर मी मत देणार नाही. ते तू मला विचारलेलं नाहीस, आणि ज्याला सांगायचं होतं त्याला सांगून झालं आहे.

कॉलेजात मी सोमवारी उभी राहून सांगितलं, मला उजव्या कानाने ऐकू येत नाही, खिडकीकडच्यांनी उठून उभं राहून उत्तरं द्यावीत. खिडकीकडची एक मुलगी लगेच उठली. "मॅडम, म्हणजे आम्ही पुटपुटत नव्हतो?"

"पुटपुटत होतात," मी म्हटलं. "मला वाटलं त्याहून कमी."

वर्ग हसला. मला त्यांचं हसणं डावीकडून आलं. उजवीकडचेही हसत होते हे मी तोंडांवरून पाहिलं.

तुझे आतोबा जेवायला आता डाव्या हाताला बसतात. ते पूर्वीसारखेच भाज्यांच्या भावाबद्दल बोलतात असं आढळून आलं आहे.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती छापायला देण्याआधी झाली पाहिजे. चौथ्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला, घुम्याची सर्वांत खालची तार उतरलेली आहे. फार नाही, पण उतरलेली आहे, आणि कडवं संपेपर्यंत तशीच राहते. मी उलट्या हेडफोनने पुन्हा पुन्हा ऐकून खात्री करून घेतली. तुम्ही ते टेम्पोत ऐकलंत, ऑफिसात ऐकलंत, दवाखान्यात ऐकलंत, आणि कोणी एक अक्षर बोललं नाही. तुम्हा चौघांचे मिळून आठ कान आहेत.

माझा एक आहे. तार उतरलेली आहे. त्याला पुन्हा वाजवायला सांग.

आत्या